"पप्पास्नी पायजे" म्हणून पोरगं पुडी मागायला आलं तर देऊ नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यात किराणा दुकान चालवते, आता 17 वर्षं झाली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि समोर हायस्कूल, गेटपासून चाळीस-पन्नास पावलं फार तर. तुमच्या पेपरात शाळेतल्या पोरांच्या व्यसनाबद्दल मधून मधून येत असतं, डॉक्टर लिहितात, सर लोक लिहितात, पण काउंटरच्या आतल्या बाजूनं कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सांभाळून घ्या.

आधी खरं काय ते सांगते. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी पण पुड्या विकत होते. आमच्याकडं सगळीच दुकानं विकतात, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, विडीचा कट्टा, सुटी सिगरेट, पान मसाल्याच्या माळा. माळा कुठं टांगतात बघा कधी. वरच्या दोरीला शाम्पूच्या पुड्या, त्याच्याच शेजारी मसाल्याची माळ, आणि खाली चॉकलेटची बरणी, म्हणजे सहावीतलं पोरगं एक रुपयाचं चॉकलेट घ्यायला मान वर करतंय ते त्याच्या नाकासमोर चमचम करणारी तीच माळ. ही जागा मी ठरवली नव्हती, सेल्समन यायचा, हुक तोच ठोकून द्यायचा, इतक्या माळा घेतल्या तर एक फुकट अशी स्कीम सांगायचा आणि जायचा. मी पण कधी विचार केला नाही, दिवसाला तीन-चारशेचा गल्ला त्यावर फिरायचा आणि पैसे रोख यायचे, तेल-साखरेसारखी उधारी नाही.

नववीतला एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. चांगल्या घरचा, वडील कागलच्या एमआयडीसीत कामाला, आई शेतात. सकाळी प्रार्थनेच्या बेलच्या आधी यायचा, दप्तर पाठीला, केसाला तेल, आणि म्हणायचा, "काकी, एक पुडी द्या, पप्पास्नी पायजे." कधी पाच रुपये द्यायचा, कधी म्हणायचा लिहून ठेवा. मी लिहून ठेवायचे. मला एकदाही वाटलं नाही की अरे, याचे वडील तर सात वाजता कंपनीच्या गाडीनं जातात, मग दहा वाजता यांना पुडी कशाला पाहिजे. सुचलंच नाही, किंवा सुचू दिलं नाही म्हणा.

मग एका रविवारी त्याचे वडील महिन्याची उधारी भागवायला आले. वही पुढं केली. बोटानं एकेक ओळ बघत गेले आणि थांबले. म्हणाले, "वहिनी, ह्या पुड्या कुणाच्या लिवल्यासा? मी सोडून दोन वर्षं झाली की." वहीत माझ्याच अक्षरात पुडी, पुडी, पुडी, त्या एका महिन्यात 36 वेळा, आणि रोखीनं नेलेल्या त्यात धरलेल्याच नाहीत. ते भांडले नाहीत माझ्याशी. पायरीवर बसले आणि म्हणाले, पोरगं दिवाळीपासनं आमटी तिखट लागते म्हणून ताटावरून उठतंय, त्याची आई त्याला वेगळं पांढरं कालवण करून देतीया, आम्हाला वाटलं उष्णता झाली असंल.

दुसऱ्या दिवशी त्याला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. सोबत मी पण गेले, त्याच्या आईनं बोलावलं म्हणून. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. हे तुम्ही आत्ता वाचता वाचता करून बघू शकता, चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं एकावर एक सहज जातात. त्या पोराची दोनच गेली, तिसरं दातावर अडकलं. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि दोरीसारखी कडक व्हायला लागलेली. डॉक्टर म्हणाले हे सुरुवातीलाच सापडलं म्हणून बरं, खायचं बंद केलं तर इथंच थांबायची आशा आहे, पण जे कडक झालं ते पूर्वीसारखं मऊ होईलच असं नाही, आणि पुढं याचाच कॅन्सर होऊ शकतो म्हणून दर थोड्या महिन्यांनी दाखवत राहावं लागेल. तो तंबाखूची पुडी आणि सुपारीचा पान मसाला दोन्ही खात होता. त्यात मला एक नवीनच कळलं, की हे तोंड आखडणं मुख्यतः सुपारीनं होतं. तंबाखू नसलेली नुसती गोड सुपारी आपण पोरांच्या हातावर कौतुकानं ठेवतो, लग्नात ताट फिरवतो, पण ती सुपारीच मुळात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं तसं 2004 सालीच जाहीर केलंय. आणि चुना कशाला लावतात तर त्यानं निकोटीन गालातनं लवकर रक्तात उतरतंय. म्हणजे चुना लावून मळलेली ती चिमूट पोराच्या अंगात जास्त भिनते, वय चौदा, मेंदू अजून वाढतोय, त्या वयात लागलेली सवय सुटायला मोठ्या माणसापेक्षा जास्त जड जाते.

त्या दिवशी घरी येऊन मी हुक काढले. पण माझी गोष्ट सांगायला हे पत्र नाही, "पप्पास्नी पायजे" ह्या दोन शब्दांबद्दल आहे.

आमच्याकडं पोरगं पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला दुकानाला पाठवायला सुरुवात होते आणि पहिलं सामान काय असतंय तर आजोबांची पुडी नाहीतर बापाची विडी. मी स्वतः लहानपणी आजीच्या मशेरीसाठी तंबाखू आणायला जायचे, येताना कागद उलगडून वास घ्यायचे, मला तो वास आवडायचा, अजून आठवतोय. म्हणजे दुकानदार ओळखीचा, पुडी ओळखीची, वास ओळखीचा, आणि देणाऱ्याला काही वाटत नाही कारण पोरगं काय स्वतःसाठी मागतंय होय. मग सातवी-आठवीत एक दिवस ते स्वतःसाठी मागतंय आणि शब्द तेच असतात. आम्हा दुकानदारांना फरक कळत नाही. कळायला काही मार्गच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पोराच्या हातात पुडी द्यायचीच नाही, बाप आजारी असू दे, आजोबा अंथरुणावर असू देत, ज्याला पाहिजे त्यानं स्वतः यावं, येता येत नसेल तर घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसानं यावं.

2019 साली देशभर शाळेतल्या 13 ते 15 वर्षांच्या मुलांचा सर्व्हे झाला होता. त्यात 8.5 टक्के मुलं तंबाखू वापरत होती, मुलगे 9.6 आणि मुली 7.4 टक्के, आणि खायची तंबाखू वापरणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त पोरांनी ती दहावा वाढदिवस व्हायच्या आधीच तोंडात घातलेली होती. दहावा वाढदिवस म्हणजे चौथी-पाचवी. आणि आपण जागं कधी होतो, हायस्कूलला गेल्यावर. कर्नाटकाचा आकडा त्या सर्व्हेत देशात अगदी खालच्यांपैकी होता, 1.2 टक्के, आणि अधिकारी लोक भाषणात तो सांगतात, चांगली गोष्ट आहे. पण पूर्ण राज्याचा आकडा वेगळा आणि तंबाखूच्या पट्ट्यातल्या एका गावातलं काउंटर वेगळं. माझ्या वहीत जे होतं ते होतं.

आता आमच्या भागात ह्यावर बोलणं का जड जातंय ते पण सांगते, कारण बेळगावच्या किंवा बाहेरच्या माणसाला ते लवकर कळत नाही. निपाणी म्हणजे तंबाखू. माझी आई निपाणीतल्या वखारीत बावीस वर्षं कामाला होती, तंबाखू चाळायची, निवडायची, नाकातोंडाला पदर बांधलेला, संध्याकाळी घरी आली की तिच्या पातळातनं तंबाखूचा खकाणा उडायचा आणि आम्ही पोरं शिंकायचो. त्याच पगारावर आमच्या वह्या-पुस्तकं आली. आजूबाजूच्या घरी बायका विड्या वळतात, त्यांच्या पोरांच्या फीया त्यातनंच जातात. 1981 साली तंबाखूला दर मिळावा म्हणून शेतकरी इथं महामार्गावर ठाण मांडून बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली, ते आमचे हुतात्मे आहेत आणि त्यांच्याबद्दल वावगा शब्द मी कुणाचा ऐकून घेणार नाही. म्हणून इथं शाळेत कुणी तंबाखूविरुद्ध बोललं की घराघरात वाटतंय हे आपल्या पोटावर बोलतंय. माझ्या बहिणीच्या शेतात अजून तंबाखूच आहे, ऊस आला, सोयाबीन आलं, पण माळाच्या कोरडवाहू रानात दुसरं काय पिकवायचं हा प्रश्न खरा आहे आणि तो सरकारनं सोडवला पाहिजे, आठवीतल्या पोरानं नव्हे. शेतात पिकतंय म्हणून पोराच्या गालात गेलंच पाहिजे असं कुठं आहे.

मुलींबद्दल थोडं लिहिते, कारण हे पुरुष माणसं लिहीत नाहीत. आमच्याकडं बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, चुरतात आणि त्या मशेरीनं दात घासतात, एकदा सकाळी आणि मग दुपारी भांडी घासून झाल्यावर पुन्हा, मग संध्याकाळी पुन्हा. तंबाखू घातलेली टूथ पावडर आणि पेस्ट सरकारनं 1992 सालीच बंद केली, पण घरच्या तव्याला कोण बंद करणार. मुलगी म्हणते दाढ दुखतीया, आजी म्हणते बोटभर मशेरी लाव, थांबंल. थांबतंय पण, बधिर होतंय ना. आणि मग ती रोज लावते. मुलगी टपरीवर दिसत नाही म्हणून तिचं कुणाला कळत नाही, ना सरांना ना आईला. आईलाच त्यात काही चूक वाटत नाही. हायस्कूलच्या बाई लोकांनी मुलींना वेगळं बसवून हा विषय काढला पाहिजे, आणि दाढ दुखली तर सरकारी दवाखान्यात जायचं एवढं तरी सांगितलं पाहिजे.

कायद्याचं बोलायचं तर कायदा कमी नाही. केंद्राचा 2003 चा कायदा आहे, 18 च्या आतल्याला विकायचं नाही आणि शाळेपासून 100 यार्डाच्या (साधारण 91 मीटर) आत विकायचं नाही. कर्नाटकानं तो आणखी कडक केला, 2025 च्या मे महिन्यापासून आपल्या राज्यात वय 21 झालंय, अंतर 100 मीटर झालंय, सुटी सिगरेट-विडी विकायला बंदी आहे आणि दंड 200 वरून 1000 पर्यंत गेलाय. ते सुट्या सिगरेटचं मला फार पटलं. पाकिटावर 85 टक्के भागात तो कॅन्सरचा फोटो असतोय, पण पोरगं पाकीट कधी घेतंय, ते एक घेतंय दहा-पंधरा रुपयाला आणि फोटो राहतोय दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये. ह्याशिवाय बाल न्याय कायदा आहे 2015 चा, कलम 77, मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात वडिलांसाठी मागितली तर चालते असं कुठंही नाही. हे मला 13 वर्षं विकताना कुणी सांगितलं नव्हतं, नंतर पंचायतीत एका ओळखीच्या मुलानं मोबाईलवर काढून दाखवलं तेव्हा माझे हात गार पडले.

मी मग मोठी टेप आणून घरच्यांना घेऊन गेटपासून मोजलं. माझं दुकान 31 मीटरवर. त्या 100 मीटरच्या आत माझ्यासकट पाच दुकानं आणि दोन पानपट्ट्या. वर्षातनं एकदा-दोनदा तपासणीची गाडी येते, ती यायच्या आधीच फोन येतो, माळांवर पोतं पडतं, दोघा-तिघांना पावती होते आणि दुसऱ्या दिवशी पोतं निघतं. गुटख्याला तर आपल्याकडं 2013 पासून बंदी आहे आणि महाराष्ट्रात 2012 पासून, मग काय झालं, पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी जोडी विकायला लागले, पोरगं दोन्ही फोडून तळहातावर मिसळतंय. आणि सीमेचं अजून एक आहेच, आमच्या गावातनं महाराष्ट्राची हद्द दोन किलोमीटर, तिकडं केंद्राचाच कायदा, वय 18. इकडं कॉलेजच्या पोराला नाही म्हटलं तर सायकल मारून तिकडं जातंय. तिकडची पोरं इकडं शिकायला आणि इकडची तिकडं क्लासला, आमची सोयरीक तिकडं, बाजार तिकडं. ह्या बाबतीत दोन्हीकडच्या गावांनी एकत्र बसून ठरवायला काय हरकत आहे, पोरं तर आपलीच आहेत दोन्हीकडची.

शाळांबद्दल एक तक्रार आहे आणि ती मी आदरानं करते. 31 मेला तंबाखू विरोधी दिवस असतो, रॅली निघते, फोटो येतो. पण 31 मे म्हणजे आमच्याकडं शाळा उघडायचे दिवस, निम्मी पोरं अजून मामाच्या गावाला असतात. त्यातनं बोर्ड आणि पत्रकं येतात ती सगळी कन्नडमध्ये. माझा कन्नडला काही विरोध नाही, माझी पोरं कन्नड शिकली, मला पण बोलता येतंय, पण मराठी माध्यमातल्या पोराच्या आजीला ते वाचता येत नाही आणि पुडी आणायला पाठवणारी तर आजीच आहे. दोन्ही भाषेत छापा, खाली चार ओळी मराठीत टाकायला कितीसा खर्च. आणि ज्या शाळेत एखादे सर स्वतःच स्टाफरूमच्या मागं जाऊन मळून येतात तिथं वर्गात काय सांगणार, पोरांचं लक्ष फळ्यावर कमी आणि सरांच्या खालच्या ओठाकडं जास्त असतंय, मला येऊन सांगतात ती.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतंय. पोरगं सापडलं की त्याला मारतात, प्रार्थनेला पुढं उभं करून त्याच्या खिशातली पुडी सगळ्यांना दाखवतात, दाखला काढून न्या म्हणतात. त्यानं पोरगं सोडत नाही, लपवायला शिकतंय, नाहीतर शाळाच सोडतंय आणि मग तर त्याला अडवायला कुणीच नाही. त्या नववीच्या मुलाच्या वडिलांनी हात उचलला नाही त्याच्यावर. त्याला विचारलं, किती दिवस झाले, कुठं शिकलास, किती खातोस. पहिले तीन-चार दिवस लई वाईट गेले त्याचे, चिडायचा, डोकं धरून बसायचा, अभ्यासात लक्ष नाही, आईला वाटलं ताप आला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होणार, निकोटीन बंद झालं की अंग मागतंय, पण ती तलफ आली की थोडी मिनिटंच जोरात असते, तेवढा वेळ काढायचा, पाणी पी, बडीशेप चाव, बाहेर फिरून ये. त्याच्या वडिलांनी 1800-11-2356 ह्या सरकारच्या फुकट नंबरला फोन लावून दिला, तो नंबर पुडीवरच छापलेला असतो, मी हजारो पुड्या विकल्या आणि एकदाही वाचला नव्हता. तो मुलगा दोनदा परत घसरला. तिसऱ्यांदा सुटली. एसएसएलसी म्हणजे दहावी पास झाला, आता बेळगावला आयटीआय करतोय, तोंड अजून दाखवायला जातोय. तिसरं बोट अजून पूर्ण जात नाही.

दुकानाचं म्हणाल तर नुकसान झालंच, ते लपवत नाही. पहिले सहा महिने माणसं पुडीसाठी दुसरीकडं गेली ती साखर-चहापत्ती पण तिकडंच घ्यायला लागली. मग मी झेरॉक्सचं मशीन घेतलं, वह्या-पेनं ठेवली, शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू घरी करून ठेवते, मधल्या सुट्टीत ते खपतं. पूर्वीचा गल्ला अजून पूर्ण भरून निघालेला नाही. म्हणून मी दुसऱ्या दुकानदारांना नावं ठेवत नाही, त्यांची पण घरं आहेत. पंचायतीनं अशा दुकानांना काही हातभार लावला, शाळेच्या पोषण आहाराचं थोडं सामान, अंगणवाडीचं किराणा सामान त्या 100 मीटरमधल्या पुडी न विकणाऱ्या दुकानातनं घेतलं, तर दंडाच्या पावतीपेक्षा ते जास्त लागू पडेल असं मला वाटतंय.

सध्या मी एवढंच करून घेतलंय की पाचपैकी तीन दुकानांनी कबूल केलंय, युनिफॉर्ममधल्या कुणालाही पुडी द्यायची नाही, कुणासाठी मागितली तरी. पुठ्ठ्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून लावलंय: "पोरांना पाठवू नका, स्वतः या." दोन पानपट्टीवाले अजून ऐकत नाहीत, एका बाईचं काय ऐकायचं म्हणतात. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. हे पत्र त्याच्या आधी छापून आलं तर कात्रण घेऊन जाईन म्हणते, पेपरात आलेलं लोक ऐकतात.

आपली नम्र,
एक किराणा दुकानदार,
निपाणी तालुका, जि. बेळगाव